तार जिथे वळते

सोलापुरात सात रस्त्यावर संध्याकाळची गर्दी झाली की घरात हॉर्नशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. वाजू देत. अँप बंद ठेवा आणि गिटार मांडीवर घ्या. आज वाजवायचं नाही.

उजवा तळवा ब्रिजवर टेकवा. सगळ्यात बारीक, पहिली तार चाचपा. दहा नंबरच्या संचातली असेल तर जाडी पाव मिलिमीटर, आणि सुरात लावली की तिच्यावर सुमारे सात किलोंचा ताण. सहाही तारांचा मिळून पंचेचाळीस किलोंच्या आसपास, तोही गिटार गप्प असताना. तळव्याखाली थरथर लागते का, पाहा. घाई नको.

आता तुटलेली तार हातात घ्या. टाकली नसेलच, आपण टाकत नाही. पिक लागतो एकीकडे, बोटं ताणतात दुसरीकडे, आणि तार तुटते ब्रिजवरच्या सॅडलपाशी. कारण ती तिथे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धातू आधीच ताणलेला असतो आणि प्रत्येक आघाताचा कंप तिथेच येऊन अडतो. त्यात सोलापूरचा मे महिना. तळव्याचा घाम नेमका याच जागी उतरतो, आणि पोलाद गंजतं.

तुकडा न्याहाळा. टोकाच्या गोळीलगतच्या पिळात तुटली असेल, तर दोष त्या पिळात शोधा. पण दर वेळी सॅडलच्या माथ्यावरच तुटत असेल, तर तारेला बोल लावू नका. तार उतरवून सॅडलवर हळूच नख फिरवा. काही अडतं? वर्कशॉपवाले त्याला बर म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. मागावर एकाच जागचा धागा सारखा तुटू लागला की जाणता विणकर सुताला दोष देण्याआधी फणी तपासतो. तसंच हे.

मिरजेची आठवण इथे होतेच. तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि घोडीचा, म्हणजे त्यांच्या ब्रिजचा, माथा घासून जवारी काढू लागले. धार काढणाऱ्या हातांनी धार मोडायला शिकावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ती घासणी आवाजासाठी, तार वाचवण्यासाठी नव्हे. पण तार टेकते कुठे आणि कशी, यावरची नजर तीच.

तर हजार नंबरचा पॉलिश पेपर घ्या. त्याची बारीक पट्टी जुन्या तारेवर गुंडाळा आणि तार जाते त्याच दिशेने, श्वासाच्या लयीत, खोबणीतून फिरवा. खोली वाढवायची नाही, फक्त कड मोडायची. नख घसरलं की थांबा. धूळ पुसून खोबणीत पेन्सिलीचं शिसं घासा, मग नवी तार चढवा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने ब्रिजपाशी पुसत जा.

आणि तार गंजून काळी पडली असेल, तर हे सगळं करूनही ती तुटणारच. ती बदला.