कर्ता कोण?

'मी केले' हे दोन शब्द आपण ज्या सहजतेने उच्चारतो त्या सहजतेने ते सिद्ध करून दाखविता येतील काय, याविषयी आम्हांस पुष्कळ दिवसांपासून शंका आहे. घर बांधणारा म्हणतो, मी घर बांधले. वस्तुतः विटा भट्टीवाल्याच्या, हात गवंड्याचे, आराखडा वास्तुशास्त्रज्ञाचा आणि पैसा बहुधा बँकेचा असतो. तरी त्याच्या बोलण्यास कोणी हरकत घेत नाही. ग्रंथकारांचीही गोष्ट याहून फारशी निराळी नाही, पण तो विषय या मासिकाच्या पानांत काढणे धोक्याचे आहे. आम्हांस या प्रश्नाचा नव्याने विचार करावा लागला तो ज्या वस्तूमुळे, ती वाङ्मयाच्या प्रांतातील नव्हे. ती एक मोटारगाडी आहे, आणि ती अद्यापि पुरी झालेली नाही.

पुण्यास मार्केट यार्डाच्या भुसार विभागात एका गृहस्थांची गुळाची अडत आहे. त्यांचा मुलगा बारावीपर्यंत आमच्याच महाविद्यालयात होता व तर्कशास्त्राच्या तासाला हौसेने येऊन बसत असे. पुढे तो यंत्रशास्त्राकडे गेला, पदवी घेतली, चाकणकडील एका कारखान्यात तीन वर्षे नोकरी केली, आणि ती सोडून गंगाधामच्या बाजूस एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन बसला. त्या शेडमध्ये तो लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडून दोन माणसांची एक वेगवान गाडी बांधीत आहे. तिला बसवावयाचे इंजिन भंगारात निघालेल्या एका मारुती एस्टीमचे आहे. वडील आमच्याकडे आले ते तक्रार घेऊनच. "सर, तो तुमचे ऐकतो. त्याला विचारा तरी, ही गाडी नक्की कोणाची? इंजिन मारुतीचे, चाके दुसऱ्याची, नळ्या बाजारातल्या. पैसा माझा. मग त्याचे त्यात काय? आणि हे झाले तरी आर.टी.ओ. त्याला नंबर देणार नाही म्हणतात. आमच्या पोराला गादी नको, गाडी पाहिजे!"

या शेवटच्या कोटीवर ते स्वतःही किंचित हसले. परंतु त्यांच्या बोलण्यात दोन स्वतंत्र प्रश्न होते, आणि दोन्ही खरे होते. गाडी कोणाची, हा एक. आणि ती बांधण्याचा व चालविण्याचा अधिकार त्यास आहे काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नामागे भय होते, हे आम्हांस मागाहून कळले. मुलगा मित्रांपाशी बोलून गेला होता की, नंबर न मिळाला तरी हरकत नाही; रात्री दोनच्या सुमारास बोपदेव घाट मोकळा असतो.

पहिला प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांचा जुना आहे. यवन राजा मिलिंद रथात बसून नागसेन भिक्षूच्या भेटीस गेला, तेव्हा भिक्षूने त्यास एकेक अवयव दाखवून विचारले की यांतला रथ कोणता. आस रथ नव्हे, चाक रथ नव्हे, जूही नव्हे. सर्वांचा ढीग म्हणावा तर तोही रथ नव्हे. 'रथ' हे अवयवांच्या आधारे व्यवहारापुरते दिलेले एक नाव, एवढेच काय ते शिल्लक राहिले. नैयायिकांस हे मान्य नव्हते. त्यांच्या मते तंतूंपासून पट निर्माण होतो तो तंतूंहून भिन्न असा एक नवा पदार्थच होय. तंतू हे त्याचे समवायी कारण, तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, माग इत्यादी निमित्त कारणे. पटातील एक तंतू काढला तर जुना पट नष्ट होऊन दुसराच एक खंडपट उत्पन्न होतो, इतक्या टोकापर्यंत ते आपला सिद्धान्त नेतात. आमच्या विद्यार्थीदशेत हा सर्व वाद आम्हांस शब्दांचा कीस वाटत असे. त्या शेडमधील सांगाडा पाहिल्यावर नैयायिकांविषयी आमचा आदर वाढला.

कारण तेथे नळ्या ही वस्तू अगदीच सामान्य आहे. सारी विद्या संयोगात आहे. वाचकांपैकी ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. चार काठ्यांची चौकट करून तिचा एक कोपरा दाबला तर ती तिरपी होते. तीन काठ्यांचा त्रिकोण काठी मोडल्यावाचून आकार सोडीत नाही. म्हणून या सांगाड्यात जेथे जेथे चौकोन पडतो तेथे कर्ण घालून त्याचे त्रिकोण करतात. भरीव सळईऐवजी पोकळ नळी घेतात, कारण वाकविण्याचा किंवा पिळण्याचा जोर मुख्यतः बाहेरच्या थरावर येतो. मध्यभागातील धातू बव्हंशी ओझ्यापुरताच असतो. बांबूने ही गोष्ट युक्लिडाच्या पूर्वीच ओळखली होती. जर्मनीतील मर्सिडीज ३०० एसएल या १९५४ सालच्या गाडीचा असा सांगाडा सुमारे ब्याऐंशी किलो वजनाचा होता. मात्र तो दोन्ही कडांस इतका उंच आला की नेहमीचे दार बसेना, आणि दारे पंखांसारखी वर उघडावी लागली. लोक त्या दारांवर लुब्ध झाले. ती दारे मूळची त्रिकोणांची सोय होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

नळ्या सांधताना आणखी एक अडचण येते. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू प्रथम फुगतो व निवताना आखडतो. एकाच बाजूने सांधे पुरे करीत गेल्यास सबंध सांगाडा त्या बाजूस ओढला जातो. म्हणून तो आधी भक्कम साच्यावर आवळून, मिस्त्री म्हणतात त्याप्रमाणे नुसते 'टॅक मारून' घ्यावा लागतो, आणि मग एक सांधा या अंगाचा, एक त्या अंगाचा, असे करीत पुरा करावा लागतो. इंजिनाची कथा याहून बिकट. एस्टीमचे इंजिन १२९८ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे, आणि मूळ गाडीत ते पुढे आडवे बसून पुढचीच चाके फिरविते. आमच्या विद्यार्थ्याने इंजिन, गिअरपेटी आणि दोन्ही अर्धे आस असा सर्व संच उचलून चालकाच्या पाठीमागे ठेवला आहे. इटलीतील फियाट कारखान्याने १९७२ साली आपल्या एक्स वन नाइन या गाडीत हीच युक्ती केली होती. पण जी चाके पुढे असताना सुकाणूबरोबर वळत होती ती आता मागे आली. त्यांचे वळविणारे दांडे सांगाड्याशी कायमचे जखडले नाहीत, तर गाडीची मागची चाके आपल्या मर्जीने वळू लागतील. "सर, हा एक दांडा चुकला की पुढचे काही विचारायला नको," असे तो अगदी शांतपणे म्हणाला.

आता गाडी कोणाची? जगातील नामांकित उदाहरणे पाहावीत तर गोंधळ वाढतो. १९६२ साली निघालेल्या कोब्रा नामक गाडीचा नळ्यांचा सांगाडा व अंग इंग्लंडातील एसी या कारखान्याचे, इंजिन अमेरिकेतील फोर्डचे. आणि गाडी मात्र ओळखली जाते ती कॅरोल शेल्बी या टेक्ससच्या गृहस्थांच्या नावाने, ज्यांनी सांगाडाही केला नव्हता आणि इंजिनही केले नव्हते. आपल्याकडील डीसी कंपनीची 'अवंती' ही गाडी विक्रीस आली तेव्हा तिच्याही पाठीत इंजिन रेनॉ या फ्रेंच कारखान्याचे होते. कोइमतूरचे करिवर्धन यांनी मारुती आठशेचे इंजिन घालून शर्यतीच्या एकासनी गाड्या बांधल्या, आणि पुढे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हा आरंभी त्याच जातीच्या गाडीत बसला होता. या गाड्यांना कोणी मारुतीच्या कर्तृत्वात जमा करीत नाही. शुद्ध स्वनिर्मितीचा आग्रह धरला तर कोणताच कारखाना त्यास उतरत नाही. मारुतीनेही आपले इंजिन जपानच्या सुझुकीकडून घेतले होते.

मग 'मी केले' असे म्हणण्याचा अधिकार कशाने येतो? श्रमाने येतो, असे लॉकच्या अनुयायांचे उत्तर असेल. आम्हांस ते अपुरे वाटते. वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रीचे श्रम आमच्या विद्यार्थ्याहून कमी नाहीत, आणि गूळ उतरविणाऱ्या हमालाच्या श्रमाने गूळ हमालाचा होत नाही. कल्पनेने येतो म्हणावे तर कल्पना बहुतेक उसन्या असतात. आमच्या मते कर्ता तो, जो त्या वस्तूविषयी जबाब देण्यास बांधलेला आहे. एस्टीमच्या दांड्याविषयी मारुती कंपनी जबाबदार होती, तोवर ती गाडी मारुतीची होती. तो दांडा तेथून काढून या मुलाने स्वतःच्या सांगाड्यास जखडला, त्या क्षणी जगातील सर्व माणसे त्या दांड्याच्या जबाबदारीतून मोकळी झाली आणि एकटा तो उरला. उद्या तो सांधा निखळला तर 'हा येथे का तुटला?' हे दुसऱ्या कोणास विचारता येणार नाही. नागसेनाने रथाचे अवयव मोजले. पण रथ उलटला तर कोणाकडे जावयाचे, हे त्याने विचारले नाही. भिक्षूस त्याची गरज नव्हती. गुळाच्या अडत्यास आहे, आणि वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही त्यांस हेच सांगितले की, गाडी तुमच्या मुलाची आहे, आणि भीती वाटावी इतकी त्याची आहे.

येथून दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकास उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करू देत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील प्रकरणात या निर्बंधाचा कडक अर्थ कायम केला. नवीन गाडी म्हणून नोंदवावी, तर १९८९ च्या नियमांप्रमाणे तिचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्यांतील एक प्रमुख संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. पण त्या तपासणीची सारी मांडणी हजारो गाड्या काढणाऱ्या कारखानदारास डोळ्यांपुढे ठेवून केलेली. एका शेडमधील एका गाडीस तो खर्च झेपणारा नव्हे. आमच्या विद्यार्थ्याने यावर मिल्लचा आधार घेतला. दुसऱ्यास अपाय होत नाही तोवर व्यक्तीस आडकाठी नसावी, हे आम्हीच त्यास शिकविले होते, याचे त्याने आम्हांस स्मरण दिले.

परंतु मिल्लच्या सूत्रातील सारा भार 'दुसऱ्यास' या शब्दावर आहे, आणि बोपदेव घाटात रात्री दोन वाजता 'दुसरा' कोणी नसतो, हे खरे नाही. पुरंदरहून फुले आणि भाजीपाला घेऊन निघालेले टेम्पो त्याच वेळी घाट उतरत असतात. ते कोठे येतात हे त्याच्या वडिलांस पक्के ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वेल्डिंगचा सांधा वरून सुबक दिसला तरी धातू आत किती खोल मिसळला आहे हे डोळ्यांस दिसत नाही. करणाऱ्यास स्वतःच्या सांध्यावर विश्वास असेल. तो विश्वास टेम्पोवाल्याने का बाळगावा? मार्केट यार्डात अडत्या कितीही सचोटीचा असला तरी माल तो स्वतः तोलीत नाही. तोलणार निराळा असतो, आणि त्यात अडत्यास आपला अपमान वाटत नाही. हे उदाहरण आम्ही मुलास दिले तेव्हा तो प्रथमच थोडा गप्प झाला. नंतर म्हणाला, "पण सर, माझ्या मालाला तोलणारच कोणी नाही."

ही तक्रार मात्र रास्त आहे. इंग्लंडात हौशी मनुष्याने स्वतः बांधलेली गाडी एकेकटी तपासून, नियमांत बसल्यास तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. तेथे १९५७ साली निघालेली लोटस सेव्हन ही गाडी तर करातून सुटका व्हावी म्हणून सुट्या भागांच्या रूपाने विकली जात असे, आणि गिऱ्हाइके ती घरी जोडीत. आपल्याकडे दोष मनाईचा नसून, तपासण्यावाचूनच्या मनाईचा आहे. जो मनुष्य आपल्या कृतीचा जबाब देण्यास आपण होऊन पुढे येतो, त्यास जबाब देण्याची जागाच न ठेवणे, हे कायद्याच्या हेतूसही पोषक नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी 'मीरा' या लहान गाडीचे नमुने अनेक वर्षे खपून बांधले. कारखाना कधीच उभा राहिला नाही. असल्या माणसांस आपण एक तर वेडे म्हणतो किंवा, फार उशिरा, थोर म्हणतो. त्यांची वस्तू नीट तपासून 'येथे बरी, येथे कच्ची' असे सांगण्याची मधली रीत आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

कायदा अपुरा आहे म्हणून तो रात्री मोडावा, हे त्यातून निघत नाही, आणि तसे आम्ही त्यास सांगितले. घाटाचा विचार त्याने सोडला आहे, असे तो म्हणतो; आम्ही त्यावर विश्वास ठेवला आहे. गाडी पुरी झाल्यावर ती मालवाहू ट्रकवर चढवून कोइमतूरला न्यावी, असा आता बेत आहे. तेथे करिवर्धन यांच्याच नावाने असलेल्या धावपट्टीवर, रस्त्यावरील रहदारीपासून दूर, जाणत्या माणसांकडून सांधा न् सांधा पाहून घेऊन ती चालवावी. वडिलांस अजूनही हा सर्व प्रकार पसंत नाही. मागच्या आठवड्यात मात्र त्यांनी आम्हांस फोन करून गाडीचे वजन साधारण किती भरेल, असे विचारले. कोइमतूरकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांशी भाडे ठरविण्याचे काम मुलावर सोपविण्यास ते तयार नव्हते.