फळ रोखण्याचा अधिकार

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये २०२३ साली फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या त्यांच्या गटातले आठही सामने त्यात आले आणि लुईव्हिलला १६-६ असे हरवून मिळवलेले अजिंक्यपदही. तरीही राष्ट्रीय विजेतेपदासाठी निवडलेल्या चार संघांत त्यांना जागा मिळाली नाही. एकेक सामना हरलेले टेक्सास आणि अलाबामा आत गेले. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाला होता आणि त्याच्याविना हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असे निवड समितीने सांगितले. हा अन्याय होता, असे मी मानतो.

कर्म तर संपून जाते, मग पुष्कळ काळाने मिळणाऱ्या फळाशी त्याला जोडते कोण, असा प्रश्न वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना पडला होता. यज्ञातून अपूर्व नावाची अदृश्य शक्ती उपजते आणि फळ मिळेपर्यंत टिकते, असे उत्तर त्यांनी दिले. खेळात तसेच सप्टेंबरातला विजय डिसेंबरमधल्या निवडीपर्यंत जिवंत ठेवण्याचे काम जय-पराजयांची नोंद करते. समितीने ही नोंद भाकितापुढे दुय्यम ठरवली. दुखापत हे काही त्या संघाचे कर्म नव्हते. शिवाय ट्रॅव्हिस नसतानाही त्यांनी फ्लोरिडा आणि लुईव्हिल या दोघांना हरवलेच होते.

पुढे ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला, तेव्हा समितीचेच खरे ठरले, असे म्हटले गेले. पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. फळ नाकारल्यानंतर जे घडले, ते नाकारण्याचे कारण कसे होईल? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सर्वांचे प्रतिस्पर्धी सारखे नसतात, आणि अलाबामाने तर अपराजित जॉर्जियाला २७-२४ असे नमवले होते. हे मला मान्य आहे. कोणाचा विजय किती कठीण होता हे समितीने जरूर तोलावे, कारण तेही घडलेलेच कर्म आहे. न घडलेल्या पराभवाला मात्र त्या तराजूत जागा नाही.

फळाची आस धरू नये, असे गीता सांगते, मग ही तक्रार कशाला, असेही कोणी विचारील. तो उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. फळ वाटणाऱ्याला त्यातून कसलीही मोकळीक मिळत नाही. उलट करणारा निरपेक्ष असेल, तर देणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. २०२४पासून विजेतेपदासाठी निवडले जाणारे संघ चारांचे बारा झाले आणि वरच्या क्रमांकाच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना हक्काची जागा मिळाली. क्रमवारी मात्र अजून समितीच लावते.