निघून गेलेली शेरी

शेरीच्या पिंपात पंचवीस वर्षं मुरलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीचा पेला नाकाशी नेला, की सांगली-मिरजेकडच्या माणसाला पहिल्या वासाची ओळख लगेच पटते. तो वास बेदाण्याचा असतो. पाठोपाठ खजूर, अक्रोड, संत्र्याची साल आणि जिभेच्या कडांना आवळणारा लाकडाचा तुरटपणा येतो. पिंप पेद्रो हिमेनेझ शेरीचं असेल, तर हे साम्य नुसतं कल्पनेतलं नसतं. त्या जातीची द्राक्षं स्पेनमध्ये उन्हात पसरून सुकवतात आणि मग त्यांची वाइन करतात. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षं सुकतात ती शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत. रीत वेगळी, पण द्राक्षातलं पाणी उडून साखर घट्ट होणं दोन्हीकडे सारखंच.

पण या व्हिस्कीत द्राक्ष नाहीच. तिच्यात मोड आणून वाळवलेला सातू, पाणी आणि यीस्ट एवढंच पडतं. शेरीशी तिची कधी गाठही पडलेली नसते. शेरी पिंपातून काढून घेतल्यावर व्हिस्की आत येते. मग जी गेली तिचा वास, जी नंतर आली तिच्यात कसा उतरला?

मद्याचा विषय धर्मचर्चेत निघाला, की बोलणं बहुधा निषेधावर थांबतं. मनुस्मृती सुरापानाला महापातकांत धरते, बौद्धांचं पाचवं शील मद्यापासून दूर राहायला सांगतं. त्या निषेधामागचं दुःख खरं आहे, अनेक घरांनी ते भोगलं आहे. तरी पिंपाने उभा केलेला प्रश्न वेगळा आहे आणि भारतीय दर्शनांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातला आहे. एखादा अनुभव संपून जातो, त्याचा संस्कार मात्र मागे राहतो आणि पुढे फळ देतो. मधल्या काळात तो संस्कार असतो कुठे?

योगाचार या बौद्ध पंथाचे आचार्य असंग यांनी ‘महायानसंग्रह’ या ग्रंथात फुलं आणि तिळाचा दाखला घेतला. फुलांच्या सहवासात तीळ ठेवले तर फुलं नष्ट झाल्यावरही त्यांचा गंध तिळात राहतो. तसे कर्माचे ठसे आलयविज्ञानात, म्हणजे जाणिवेच्या कोठारात, साठतात. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांना हे पटलं नाही. बौद्धांसारखं सगळंच क्षणिक मानायचं, तर आधीचा क्षण नंतरच्या क्षणाला भेटणारच नाही. मग गंध लावणारा कोण आणि घेणारा कोण? संस्काराला टिकणारा आश्रय हवा, हा त्यांचा आग्रह.

पिंप या वादात दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवतं. शेरी आणि व्हिस्की एकमेकींना भेटत नाहीत, पण पिंपाची ओकच्या लाकडाची फळी दोघींना भेटते. म्हणजे आश्रय लागतो, कुमारिलांचं बरोबर. मात्र हा आश्रय न बदलणारा नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात मद्य फळीत शिरतं, बाहेर येतं, लाकूड झिजत जातं. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी साधारण २ टक्के मद्य हवेत उडतं. ५०० लिटरच्या पिंपात पंचवीस वर्षांनी जेमतेम ३०० लिटर उरतं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्कीची भट्टी आहे. तिथल्या उष्ण हवेत हेच प्रमाण वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे आठ वर्षांत निम्मं पिंप रिकामं. म्हणून तिथे वयाची पंचविशी गाठणं जवळपास अशक्य. आलयविज्ञानही प्रवाहासारखं सतत वाहतं, असं योगाचाराचेच आचार्य वसुबंधू यांनी ‘त्रिंशिके’त म्हटलं आहे. धरून ठेवणारा स्वतः बदलत असूनही धरून ठेवू शकतो, हे लाकडाकडे पाहिलं की पटतं.

अडचण येते ती असंगांच्या दुसऱ्या अटीशी. संस्कार घेणारा स्थिर हवा, तटस्थ हवा, गंध शोषणारा हवा आणि गंध देणाऱ्याच्या सहवासात हवा, अशा त्यांच्या अटी आहेत. तटस्थ म्हणजे ज्याला स्वतःचा ठाम गुण नाही असा.

शेरीच्या प्रदेशात, हेरेझच्या कोठारांत, असं तटस्थ लाकूड खरोखर असतं. पिढ्यान्‌पिढ्या शेरी मुरवून ज्यांचा स्वतःचा गुण संपला आहे, अशी जुनी पिंपं तिथे जपतात, कारण शेरीत लाकडाची चव उतरलेली त्यांना नको असते. व्हिस्कीवाल्यांना मात्र ती पिंपं सहसा चालत नाहीत. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं भट्ट्यांना मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम आला आणि ती वाट बंद झाली. आता नव्या ओकची पिंपं बनवून त्यांत साधारण दीड-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात, मग ती स्कॉटलंडला जातात. युरोपीय ओक तुरटपणा आणि मसाल्याचा गंध देतो, अमेरिकी ओक व्हॅनिलाचा. पेल्यातला बेदाणा या ओकच्या स्वभावासकटच येतो.

संस्कार घ्यायला कोरं असावं लागतं, ही समजूत आपल्याकडे शिक्षणात, गुरुभक्तीत, साधनेतही खोल रुजली आहे. मिरजेचा संगीताचा इतिहास तिच्याविरुद्ध साक्ष देतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. १९२२ साली जन्मलेले भीमसेन जोशी त्यांच्यासमोर तालमीला कधी बसले नाहीत. लहानपणी त्यांनी खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली आणि पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे ते शिकले. खाँसाहेबांचा आवाज हळुवार, बारीक, स्वराला अलगद लागणारा. भीमसेनांचा भरदार, धडक देणारा. तरी स्वराशी तासन्‌तास राहण्याची किराणा घराण्याची ओढ त्या भरदार गळ्यात उतरली, गळ्याचा स्वभाव न पुसता उतरली.

आश्रयाला स्वतःचा गुण असणं हा संस्काराचा अडथळा नाही. तो गुण संस्काराबरोबर मिसळतो आणि पुढे जे जातं ते दोघांचं असतं. असंगांची ती एक अट इथे सैल करावी लागते. दाखल्याची मर्यादाही मान्य करायला हवी. तेच पिंप दुसऱ्या, तिसऱ्यांदा भरलं की शेरीचा वास फिका पडत जातो, कारण लाकूड फक्त देत राहतं. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गायक गातात, त्यांनी खाँसाहेबांना पाहिलेलंही नाही. त्यांच्यापर्यंत आलेला ठसा आधीच्या गायकांनी रोजच्या रियाजात पुन्हा घडवून पुढे दिला आहे, आणि तिळाच्या किंवा ओकच्या दाखल्यात या घडवण्याला जागा नाही.