रिकामी चौकट

स्पेनमधल्या ग्रानादा शहरातील अलहांब्रा महालात नसरी सुलतानांचे ब्रीद जागोजागी कोरलेले आहे: अल्लाहखेरीज विजयी कोणी नाही. कमानींभोवती आणि गिलाव्याच्या पट्ट्यांत ते इतक्या वेळा येते की अक्षर कुठे संपले आणि नक्षी कुठे सुरू झाली, हे डोळ्याला उमगत नाही. ज्यांनी महाल बांधला त्यांनीच आपल्या मालकीची मर्यादा त्याच्या भिंतींवर लिहून ठेवली, आणि २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानाला ग्रानादा कॅथलिक राजाराणीच्या हवाली करावे लागले. आज तिथे पाहुणा कॅमेरा उचलतो तेव्हा एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. जे खऱ्या अर्थाने कोणाचेच नाही, त्याचे चित्र घेऊन जाणे हा परिग्रह आहे का?

मला तसे वाटत नाही. जैन आचार्यांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत न शोधता तिच्याविषयीच्या ममत्वात शोधले, आणि इथे तीच कसोटी खरी. छायाचित्राने दगड जागचा हलत नाही, दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. ममत्व शिरते ते निराळ्या वाटेने. पाचव्या मुहम्मदाने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंह कारंजे पेलून उभे आहेत. तिथे माणसे बाजूला होईपर्यंत ताटकळायचे, आणि कोणीही नसलेली चौकट मिळाली की मगच समाधान मानायचे, हा हट्ट पाहा. ती चौकट सांगते की हे सारे माझ्या एकट्यासमोर होते. महाल एकट्यासाठी मोकळा करवून घेणे हा सुलतानाचा अधिकार होता. तोच आपण क्षणभर स्वतःकडे घेतो, तोही शेजारी उभ्या असलेल्यांना पुसून टाकून.

यावर वास्तुकलेचा जाणकार म्हणेल की गर्दीत खांबांची लय दिसत नाही, प्रमाण कळत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. याच चौकाच्या पूर्वेकडील मंडपावर १८५९ मध्ये एक घुमट चढवला गेला, आणि तो मूळचा नव्हे म्हणून १९३४ मध्ये तोर्रेस बाल्बास या वास्तुविशारदाने उतरवला. मधल्या काळातील छायाचित्रांत तो घुमट अजून आहे. ती नसती तर एका पिढीने या वास्तूचे काय केले, हे पुढच्या पिढीला नीट पाहता आले नसते. पण अशी नोंद वास्तूसाठी होते आणि इतरांच्या हाती जाते. तिथे चौकट रिकामी करण्यात ‘मी’ नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हा महाल म्हणजेच सत्तेचे प्रदर्शन, भिंतीवरचे ब्रीदही राजाचाच अलंकार. मग नम्रतेची अपेक्षा पाहुण्याकडूनच का? सुलतानांच्या त्या शब्दांत भक्ती किती आणि दिमाख किती, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही नाही. लिहिणारा दिमाखात होता म्हणून लिहिलेले खोटे ठरत नाही. १४९२ ने तर ते त्याच्याच घराण्यावर खरे करून दाखवले. शिवाय संवर्धनाची जबाबदारी ज्याच्यावर नाही, त्याला चौक मोकळा होण्याची वाट पाहायचे काही कारणच उरत नाही. समोरचा माणूस त्याच वेळेचे तिकीट काढून आत आलेला आहे.