जुनी गाडी व बुरुजाचा हिशेब

वाचनासाठीं शास्त्रभाग : लूक १३:६-९ व १४:२८-३०.



सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांत आतां अशीं पुष्कळ घरें आहेत कीं ज्यांचा संसार बैलांवर नव्हे, तर एका पिकअप गाडीवर चालतो. पहांटे दुधाचे कॅन, हंगामांत तासगांवकडचीं द्राक्षें, बाजाराच्या दिवशीं भाजीपाला, आणि रविवारीं दूरच्या वस्तीवरील म्हाताऱ्या बाया उपासनेस. अशी गाडी बारा-चौदा वर्षांची होऊन धूर ओकूं लागली, म्हणजे घरांत प्रश्न उभा राहतो कीं, हिच्यावर आणखी पैसा घालावा किंवा हिला सोडून द्यावें? कोणी म्हणेल, हा प्रश्न मेस्त्रीचा आहे, पाळकाचा नव्हे. परंतु आपल्या प्रभूनें शिष्यत्वासारख्या गंभीर विषयावर बोलतांना बांधकामाच्या खर्चाचाच दाखला घेतला. ज्याला बुरूज बांधावयाचा आहे तो आधीं खालीं बसून हिशेब करितो, असें त्यानें सांगितलें. तेव्हां ह्या प्रश्नाविषयीं व्यासपीठावरून बोलण्यास आम्हांस संकोच कां वाटावा?

प्रभूच्या दाखल्यांत हा मनुष्य ‘बसतो’, हें ध्यानांत घ्यावें. आपण बहुधा गॅरेजांत उभ्या-उभ्या निर्णय करितों. इंजिन उघडून पडलेलें असतें; मेस्त्री म्हणतो, आतां उघडलेंच आहे तर क्लचही करून टाकूं; आणि आपण मान हालवितों. असें करूं नये. अंदाज कागदावर लिहून घरीं आणावा, व घरधनिणीला जवळ बसवून वाचावा. पुष्कळ घरीं बचत गटाचें कर्ज तिच्या नांवावर काढलेलें असतें, आणि निर्णय मात्र ती चुलीपाशीं असतांना झालेला असतो. हें ख्रिस्ती घरास शोभत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. मानूं या कीं दुरुस्तीस ८० हजार रुपये सांगितले आहेत. गाडी आहे तशी विकली तर १ लाख २० हजार येतील, दुरुस्त करून विकली तर १ लाख ६० हजार. म्हणजे विकण्यासाठींच दुरुस्ती करणाराचे ४० हजार बुडाले. परंतु ती दुरुस्तीनंतर खरोखर दोन वर्षें चालली, तर महिन्यास सुमारें ३,३०० रुपये पडले. त्यांत किरकोळ कामें व गाडी उभी राहिल्याचे दिवस मिळवावे. आतां नवी गाडी पाहा. दहा लाखांची गाडी घेऊन एक लाख रोख भरले आणि नऊ लाख शेंकडा ११ व्याजानें पांच वर्षांसाठीं काढले, तर हप्ता महिन्यास सुमारें साडेएकोणीस हजार येतो. ज्या घरास महिन्याकाठीं सारा खर्च जाऊन बारा हजार उरतात, त्यानें नवी गाडी घेणें म्हणजे अर्धा बुरूज बांधणें होय. अशा वेळीं जुनीच दुरुस्त करणें शहाणपणाचें, आणि त्यांत कमीपणा नाहीं.

पण एक रक्कम ह्या हिशेबांत धरूं नये. ‘गेल्या वर्षीं इंजिनावर साठ हजार घातले, आतां कसें सोडावें?’ असें अनेक बंधु म्हणतात. ते साठ हजार गेले; गाडी ठेविली तरी गेले, विकली तरी गेले. विचार पुढच्या रुपयाचा करावयाचा आहे.

आणखी एक भय आपल्या लोकांत आहे, तें उघड बोललेलें बरें. प्रभूच्या दाखल्यांत लोक हंसतात ते काम अर्धें राहिलें म्हणून. आपल्या गांवीं मात्र गाडी विकतांच भावकी म्हणते, ‘देव बदलला, आणि दारची गाडीही गेली.’ हा टोमणा ऐकावा लागूं नये म्हणून सावकाराकडून पैसा आणून मोडकी गाडी दारांत उभी ठेवणारे बंधु आहेत. प्रिय बंधो, शुभवर्तमानाची अब्रू चार चाकांवर उभी नाहीं. ज्यानें कर्ज फेडून पायीं बाजार गांठला, त्याची साक्ष भावकीस आज नाहीं तर उद्यां कळेल. न कळली तरी देवास कळते.

आतां गाडीच्या परीक्षेविषयीं. रिंगा-पिस्टन नवे घालतां येतात, क्लचप्लेट बदलतां येते, मागचे पाटे नवे बसवितां येतात. हीं आजारपणें होत. चालू इंजिनाचें तेलाचें झांकण काढतांच जोराचा धूर आला तर रिंगा झिजल्या असें समजावें. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें. परंतु चासी हा पाया आहे. गाडीखालीं निजून लहान हातोडीनें ठोकून पाहावें. आवाज खणखणीत आला तर ठीक. पापुद्रे गळूं लागले तर वरच्या दुरुस्तीचा पैसा वाळूवर पडला. इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हा २०२१ च्या जुलैंत कृष्णेचें पाणी सांगलींत व काठच्या गांवांत शिरलें. त्या पुरांत बुडालेली गाडी बाहेरून रंगविली तरी चासी आंतून कुजत जाते, तारांचे जोड हिरवे पडतात. दुसऱ्या गांवच्या मेस्त्रीचेंही मत घ्यावें. ज्याला काम मिळावयाचें नाहीं तो अधिक मोकळें बोलतो.

चासी शाबूत असूनही मन द्विधा राहिलें, तर अंजिराच्या झाडाचा दाखला वाचावा. तें झाड द्राक्षमळ्यांत होतें, म्हणून तासगांवच्या बंधूंस तो चटकन समजेल. तीन वर्षें फळ नाहीं; धनी तोडा म्हणतो. माळी दयेची विनंती करितो, पण ती मोघम नाहीं. काम कोणतें तें सांगतो, भोंवतीं खणीन व खत घालीन. आणि मुदत सांगतो, एक वर्ष. आपण दया करितों, पण मुदत घालीत नाहीं. गाडीस एक वर्ष द्यावें, कामें लिहून ठेवावीं, आणि दरमहाचा खर्च वहींत मांडावा. वर्षाअखेर वहीच उत्तर देईल.

ह्या सर्वांहून मोठी गोष्ट जिवाची आहे. पसरणीच्या घाटांत भरलेली गाडी उतरतांना ब्रेक गेला, तर हिशेबाची वही कोणाच्या कामाची? नवें घर बांधणारानें धाब्यास कठडा बांधावा, नाहीं तर पडणाराच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असें नियमशास्त्र सांगतें (अनुवाद २२:८). ब्रेक, सुकाणू व टायर हे गाडीचे कठडे होत. इंजिन महिनाभर थांबेल, हे थांबत नाहींत. आठ वर्षांहून जुन्या मालगाडीस दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. पैसे देऊन गाडी न दाखवितां तो दाखला मिळवून देणारे दलाल भेटतात. असा दाखला विकत घेणें ही खोटी साक्षच होय. तसेंच मालगाडींत मागें माणसें बसविणें कायद्यास संमत नाहीं, आणि अपघात झाल्यास अशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बहुधा नकार देते. द्राक्षांच्या कामास जाणाऱ्या मजूर बायांस हें लागू आहे, आणि उपासनेस येणाऱ्या म्हाताऱ्यांसही लागू आहे. त्यापेक्षां उपदेशकानें महिन्यांतून दोन रविवार स्वतः त्या वस्तीवर जावें.

गाडी सोडावयाचीच ठरली, तर दुःख फार करूं नये. पहिल्या महायुद्धाच्या काळीं लोखंड मिळेना, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास दिल्या व त्यांचे नांगर झाले, ही हकीकत आपल्या भागांत प्रसिद्ध आहे. यशयाचा दुसरा अध्याय वाचतांना मला तिची नेहमीं आठवण होते. लोखंड वायां जात नाहीं. चासी कुजलेली गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रांतच द्यावी व तेथून मिळणारें प्रमाणपत्र जपून ठेवावें.

आणि चालण्याजोगी गाडी विकणाऱ्यानें, ती पुरांत बुडाली होती हें विचारण्यापूर्वींच सांगावें. पांच-दहा हजार कमी येतील, ते येऊं द्यावे. खोटा तराजू परमेश्वरास आवडत नाहीं (नीतिसूत्रें ११:१), आणि घेणाराही कोणाचा तरी बाप आहे. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या करून ते परिवहन कार्यालयांत द्यावे; कारण नोंदणींत ज्याचें नांव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते. ते कागद दाखल होईपर्यंत, घेणारा सख्खा मेव्हणा असला तरी, किल्ली हातीं देऊं नये.