वीटभट्टीचा हिशेब आणि प्रायश्चित्त संस्कार

"फादर, पापनिवेदन केले, क्षमा मिळाली. मग आता त्या माणसांच्या दारात जायलाच हवे का?" काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. पापनिवेदनात जे ऐकले ते धर्मगुरूला कोणापाशीही उच्चारता येत नाही. म्हणून आरंभीच सांगतो, की हे बोलणे माझ्या ओसरीवर, चहाच्या वेळी झाले आणि नाव न घेता ते लिहिण्यास त्यांची संमती आहे.

आपल्या कर्जत-खालापूर भागात पाऊस सरला, भात झोडून झाले, की वीटभट्ट्यांची तयारी सुरू होते. कातकरी कुटुंबे उचल घेतात आणि मुलाबाळांसह भट्टीवर राहायला जातात. मजुरी हजार विटांमागे ठरते. आठवड्याला खर्ची मिळते आणि उरलेला हिशेब पावसाळ्याच्या तोंडाशी होतो. उचल फिटली नाही असे वहीने म्हटले, की पुढच्या हंगामातही तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण ज्याला अक्षरओळख नाही त्याला वहीतला आकडा कसा वाचता यावा? आमचे हे गृहस्थ एका भट्टीवर ती वही लिहीत असत. फुटक्या विटांच्या नावाखाली ते मोजणीत काही हजार विटा कमी धरीत. मालकाची तशी आज्ञा होती. स्वतःच्या खिशात त्यांनी एक पैसाही घातला नाही. दर रविवारी मात्र मिस्साबलिदानाला पहिल्या बाकावर असत.

येथे कोणीही विचारील, की मग या संस्कारांचा उपयोग काय? संस्कार न स्वीकारणारी, पण शब्दाला जागणारी माणसे आपल्या शेजारी काय थोडी आहेत? त्यांच्याही अंतःकरणात देवाची कृपा काम करीत असते, हे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ सालीच मान्य केले आहे. तेव्हा संस्कार घेतो म्हणून आपण शेजाऱ्यापेक्षा चांगले, हा भ्रम आधी सोडला पाहिजे.

संस्कारातील कृपा देणाऱ्याच्या पात्रतेवर अवलंबून नसते, असे संत ऑगस्टीनने दोनातपंथीयांना ठासून सांगितले. माझ्यासारख्या धर्मगुरूला तो मोठाच दिलासा आहे! परंतु कृपा मिळणे निराळे आणि ती आयुष्यात फळणे निराळे. खोपोलीला टाटांचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली कोसळले, वीज झाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरल्या. डोंगरातल्या आपल्या वाड्यांत ती पोहोचायला पुढे कित्येक दशके लागली. पाणी खरे होते, वीजही खरी होती. फक्त शेजाऱ्याच्या झोपडीपर्यंत तार नव्हती. आपल्या ख्रिस्तप्रसादाचे कधीकधी असेच होते. करिंथ येथील मंडळीत धनवान आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. ते भोजन प्रभूचे राहिलेच नाही, असे संत पौलाने त्यांना खडसावले. त्याची तक्रार विधीविषयी नव्हती, पंगतीविषयी होती.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ साली पश्चात्ताप, निवेदन आणि पापाची भरपाई ही पश्चात्तापी माणसाची तीन कृत्ये सांगितली. धर्मगुरू प्रायश्चित्त म्हणून चार प्रार्थना सांगतो, तेवढ्याने दुसऱ्याचे बुडविलेले पैसे परत होत नाहीत. ते देणेच आहे. क्षमा पाप पुसते, देणे पुसत नाही. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतो, की घेतलेले परत करणे तारणासाठी आवश्यक आहे आणि ज्याचे देणे आहे तो कसून शोधूनही सापडला नाही, तर ते गोरगरिबांना द्यावे. ज्याने अन्याय घडविण्यात हात लावला, त्याच्यावरही हा भार येतो. लाभ मालकाला झाला एवढ्याने तो सुटत नाही. जक्कयाचे उदाहरण आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने आपण होऊन चौपट परत देण्याचे कबूल केले. पाहुण्याचे येणे आधी, परतफेड नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. परतफेड करून त्याने प्रभूची भेट विकत घेतली नाही. त्या भेटीने त्याला परतफेडीचे बळ दिले.

यात आम्हा धर्मगुरूंचाही दोष आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत आम्ही मुलांना पेन्सिल चोरू नये म्हणून शिकवितो. ती मुले मोठी होऊन हजेरीपत्रके आणि वजनकाटे हाती घेतात, तेव्हा त्यांविषयी आम्ही क्वचितच विचारतो. मीही पुष्कळ वर्षे विचारले नाही.

मी त्यांना म्हणालो, "हो, जायला हवे." ते बराच वेळ गप्प बसले. मालकाला कळले तर नोकरी जाईल, मुलगी कॉलेजात आहे, असे म्हणाले. भीती खोटी नव्हती आणि तिच्यावर माझ्यापाशी उत्तरही नव्हते. पुढच्या रविवारी ते ख्रिस्तप्रसादाला पुढे आले नाहीत. मला वाईट वाटले, पण खोटेही वाटले नाही.

चार कुटुंबांचा हिशेब त्यांनी आठवून आठवून कागदावर मांडला. दोन वर्षांत तिघांचे पैसे स्वतःच्या पगारातून चुकते केले. एका म्हातारीने नोटा मोजल्या नाहीत. हे पैसे कशाचे, एवढे मात्र दोनदा विचारले. त्यांना ते मोठ्याने सांगावे लागले. नोकरी पुढे त्यांनीच सोडली. चौथे कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले याचा पत्ता अद्याप लागलेला नाही. त्यांच्या वाट्याचे पाकीट घरातल्या क्रूसाखाली ठेवलेले आहे. यंदा भट्ट्या सुरू झाल्या, की चौकच्या बाजूला पुन्हा एकदा चौकशी करणार आहेत.