गरजवंताची निवड

गरजवंताला अक्कल नसते, अशी म्हण आपल्याकडे आहे. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला ती दिवसातून दोनदा तरी ऐकावी लागते. एकदा शब्दांत आणि एकदा नजरेत. त्याने एखादी जाहिरात वाचून बाजूला ठेवली की घरातून विचारणा होते, "निवडत बसायला तू कोण? मिळेल तिथे अर्ज टाक." या विचारण्यात काळजी असते, हे खरेच. पण तिच्यात एक नैतिक गृहीतकही आहे. निवड हा संपन्नांचा अधिकार असून गरजूने केवळ हात पसरावेत, असे ते गृहीतक. इस्लामची शिकवण ते मान्य करते काय, याचा विचार व्हायला हवा.

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहत नाही. मनमाड रस्त्याने थोडे पुढे गेले की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. पुणे रस्त्यावर सुपे, त्याच्याही पुढे शिरूर तालुक्यातले रांजणगाव. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एकीकडे पुणे, दुसरीकडे छत्रपती संभाजीनगर. आयटीआय किंवा पदविका पूर्ण केलेला मुलगा रात्री मोबाइल हाती घेतो आणि बोटाच्या एका स्पर्शासरशी या सर्व ठिकाणी आपली माहिती धाडतो. पूर्वी एका अर्जासाठी टंकलेखकाकडे जावे लागे, पाकीट आणावे लागे, टपाल तिकीट चिकटवावे लागे. त्या खटाटोपातच थोडा विचार आपोआप होत असे. आता खटाटोप गेला आणि त्याच्याबरोबर विचारही गेला. सरकारी भरतीचे चित्र वेगळे नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या प्रवर्गासाठी अर्जाचे शुल्क १,००० रुपये होते. यांपैकी कितीजणांनी तलाठ्याचे काम काय असते हे एकदा तरी पाहिले असेल?

अर्ज म्हणजे काय, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. आपण त्याला चिठ्ठी समजतो. सोडतीत टाकायची, निघाली तर निघाली. वास्तविक अर्ज ही साक्ष आहे. मी हे काम करू शकतो, करू इच्छितो आणि माझ्यावर विश्वास टाकता येईल, अशी स्वतःविषयी स्वतः दिलेली ती साक्ष असते. कुरआनच्या बाराव्या सूरहमध्ये हजरत यूसुफ (अ.) मिसरच्या राजापाशी देशाच्या कोठारांची जबाबदारी मागतात. तुरुंगातून नुकताच बाहेर आलेला, परक्या देशातला हा माणूस. यापेक्षा मोठी गरज कोणाची असेल? तरीही 'काहीही द्या' असे ते म्हणत नाहीत. एकच काम मागतात आणि त्यासाठी लागणारे दोनच गुण सांगतात: आपण राखण करणारे आहोत आणि जाणकार आहोत. मागणी नेमकी आहे आणि तिच्यामागचे कारणही नेमके आहे.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवावा. हजरत अबू जर (रजि.) यांच्या सचोटीविषयी कोणालाही शंका नव्हती. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे अधिकारपदाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना प्रेमाने सांगितले, की या कामी तुम्ही दुर्बल आहात आणि हे पद अमानत आहे. 'सहीह मुस्लिम'मधील ही हदीस अनेकांना अवघड वाटते. इतका प्रामाणिक माणूस नाकारला कसा जातो? मला वाटते, येथेच निवडीचा पहिला निकष हाती लागतो. चांगला माणूस असणे आणि त्या कामाला योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची परीक्षा दुसऱ्याने घेण्यापूर्वी आपण स्वतः घ्यायची आहे. शंभर ठिकाणी एकच मजकूर धाडणाऱ्याने शंभर साक्षी दिलेल्या असतात आणि त्यांतल्या नव्वद त्याने वाचलेल्याही नसतात.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जांतील पात्रता सारखी ठेवली. नावे मात्र उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी वेगवेगळी. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावले जाण्याचे प्रमाण ०.६७ आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३ भरले. मग सावेडीतला एखादा तरुण विचारील, "माझी संधी मुळातच तिसऱ्या हिश्शाची असेल, तर मी तिप्पट अर्ज का करू नयेत? निवडक अर्जांचा उपदेश ज्याच्या नावाला दार उघडते त्याला करा."

त्याचे म्हणणे बरोबर आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला अधिक श्रम पडतात. हे दुःखद असले तरी खरे आहे आणि त्याचा दोष अन्याय करणाऱ्यावर आहे, अर्जदारावर नाही. अर्जांची संख्या वाढवावी लागली तर वाढवावी. निवडक असणे म्हणजे मोजकेच अर्ज करणे नव्हे. वीस अर्ज करावेत, साठ करावेत. प्रत्येक खरा असावा एवढेच. शिवाय त्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट दिसते. तेथे भेदभाव घडला तो कागदाच्या टप्प्यावर, वाचणाऱ्याला त्या माणसाचे काम ठाऊक नसताना. तेव्हा काम आधी दिसते आणि नाव नंतर कळते अशा वाटांचे मोल आपल्यासाठी अधिक आहे: शिकाऊ उमेदवारी, लेखी परीक्षा, पूर्वीच्या वर्कशॉपमधल्या फोरमनचा शब्द.

हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचले तेव्हा त्यांची स्थिती नेमकी अशी होती. मिसरमधून जीव वाचवून आलेले, ओळख ना पाळख. विहिरीवर दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. मूसांनी (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही आणि सावलीत जाऊन आपली गरज अल्लाहपाशी सांगितली. पुढे त्यांतल्याच एका मुलीने वडिलांना सुचवले, की यांना कामावर ठेवा. हे बलवान आहेत आणि विश्वासूही. नियुक्तीचे इतके थोडक्यात आणि इतके पुरेसे कारण क्वचितच कोणी दिले असेल. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तरुणपणी मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या मजुरीवर राखल्या, आणि हजरत खदीजा (रजि.) यांनी आपला व्यापारी माल त्यांच्या हाती शामकडे पाठवला तो त्यांच्या सचोटीची ख्याती ऐकून.

नियोजनाविषयी बोलायचे तर अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसपाशी थांबावे लागेल. ती आपण दानधर्माच्या व्याख्यानांत ऐकतो, पण रोजगाराच्या संदर्भात तिचा विचार फारसा होत नाही. एक अन्सारी गृहस्थ मदत मागायला आले. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, असे उत्तर मिळाले. प्रेषितांनी (स.) दोन्ही मागवून घेतली आणि लोकांसमोर लिलाव केला. कोणी एक दिरहम देऊ केला. त्यांनी अधिक कोण देतो, असे पुन्हा विचारले आणि दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी पोचवण्यास सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि सांगितले, की लाकडे तोडून विका. पंधरा दिवस मला दिसू नका. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याकडे दहा दिरहम होते.

या प्रसंगात किती गोष्टी आहेत पाहा. प्रथम विचारले गेले ते घरात काय नाही हे नव्हे, काय आहे हे. त्या भांड्याला आपण मालमत्ता म्हटले नसते. मग घरच्यांची भूक आधी, आणि उरलेल्यातून उपजीविकेचे साधन. सगळे पैसे पोटात गेले नाहीत आणि सगळे कुऱ्हाडीतही गेले नाहीत. काम त्या माणसाच्या अंगबळाला आणि त्या गावाच्या गरजेला जुळणारे होते. मदीनेत चुली पेटत होत्या आणि लाकूड विकले जात होते. मुदत ठरलेली होती, आणि मुदतीच्या आत येऊन कुरकुर करायला परवानगी नव्हती. शेवटी हिशेब झाला. आज अनेकजण परीक्षांच्या शिकवणीपायी पाच-सहा वर्षे घालवतात आणि घरात कोणीही मुदत घालत नाही. दुसरीकडे काही घरांत पंधरा दिवससुद्धा दिले जात नाहीत. दोन्ही ठिकाणी दिरहमची वाटणी चुकलेली असते.

नगरच्या तरुणाने आपला हिशेब असाच मांडावा. घरखर्चासाठी महिन्याला किती हवे, हे आईला विचारून कागदावर लिहावे. पुण्यात पगार जास्त दिसतो. पण खोलीचे भाडे, खाणावळ आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केल्यावर घरी किती पोचते आणि नागापूरच्या कमी पगारातून किती पोचते? वडील आजारी असतील तर तो आकडा पुन्हा बदलतो. कंपनीचे काम की ठेकेदारामार्फतचे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो की नाही, पाळी किती तासांची, शुक्रवारी जुमाच्या नमाजपुरती सवड मिळेल काय, हे रुजू होण्यापूर्वी विचारण्यात उद्धटपणा नाही. मदयनच्या त्या वयोवृद्धांनी आठ वर्षांची अट घातली, दहा पूर्ण केली तर ती तुमची खुशी म्हणाले, आणि आपण कष्ट लादू इच्छित नाही हेही स्पष्ट केले. मूसांनीही (अ.) आपली बाजू बोलून दाखवली, की दोहोंपैकी कोणतीही मुदत पुरी केली तर आपल्यावर जबरदस्ती होऊ नये. अल्लाहचे प्रेषित होऊ घातलेली व्यक्ती कामाच्या अटी ठरवून घेते आणि आमची मुले नियुक्तिपत्र न वाचता सही करतात!

आता हलालचा निकष. यात काही स्पष्ट आहे आणि काही नाही. व्याजाच्या व्यवहारात घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार या सर्वांना हदीसने एका रांगेत उभे केले आहे; त्यामुळे कर्जवसुलीच्या फिरत्या नोकरीत गोरगरीब बायकांच्या दारात हप्त्यासाठी उभे राहण्याचे काम निवडीच्या यादीतून आधी वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेतील प्रत्येक कामाबाबत उलमांची मते एकसारखी नाहीत. तिथे जाणकार आलिमचा सल्ला घ्यावा, शेजाऱ्याचा नव्हे. आणि ज्याच्या घरी आज चूल पेटलेली नाही, त्याला ताकवाचे व्याख्यान देणाऱ्याने आधी त्याच्या घरी शिधा पोचवावा. विवशतेला शरीअतमध्ये जागा आहे. ती किती काळ टिकते, याचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच प्रामाणिकपणे ठेवायचा असतो.

निवडीच्या नावाखाली एक दुसराही आजार वाढतो. हे काम माझ्या शिक्षणाला शोभत नाही, गणवेश घालून मी गेटवर उभा राहणार नाही, असे म्हणत दोन-दोन वर्षे वडिलांच्या निवृत्तिवेतनावर बसून राहणारे पदवीधर कोणत्याही मोहल्ल्यात भेटतील. ही निवड नव्हे, अहंकार आहे. हजरत दाऊद (अ.) राजे होते आणि आपल्या हाताच्या कमाईचे खात. हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेत आले तेव्हा त्यांच्या अन्सारी भावाने अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी त्याला दुआ दिली आणि बाजार कोठे आहे एवढेच विचारले. पनीर आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली. काम हलाल आहे का, मला जमते का, माझ्यावर अवलंबून असलेल्यांचे त्यात भागते का. या तीन कसोट्यांवर नाकारलेले काम नाकारावे. लोक काय म्हणतील ही चौथी कसोटी शरीअतने दिलेली नाही. मुलींच्या बाबतीत तर बहुतेक वेळा ही चौथीच आधी लावली जाते. बी.एड. झालेली मुलगी कोणत्या शाळेत अर्ज करील हे तिच्याखेरीज सगळे घर ठरवते, आणि त्यालाही निवडच म्हटले जाते.

उंट बांधावा की अल्लाहवर भरवसा ठेवावा, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) सांगितले, की बांधा आणि मग भरवसा ठेवा. तिरमिजींच्या संग्रहातील ही हदीस आपणा सर्वांना पाठ आहे. मात्र बांधण्यासाठी कोणता उंट आपला हे आधी ठाऊक असावे लागते. इस्तिखाऱ्याची दुआ याच दृष्टीने पाहावी. हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेल्या त्या दुआत एक रिकामी जागा आहे, जिथे मागणाऱ्याने आपल्या कामाचे नाव घ्यायचे असते. हे काम माझ्या धर्मासाठी, माझ्या उपजीविकेसाठी आणि माझ्या परिणामासाठी चांगले असेल तर मला दे, नसेल तर दूर सार, असा तिचा आशय. धर्म आधी, उपजीविका नंतर. पण उपजीविका वगळलेली नाही. नाव घ्यायचे म्हटल्यावर साठ ठिकाणांची नावे घेता येत नाहीत. दोन-तीन उरतात. ज्याला ती दोन-तीन नावे सांगता येत नाहीत, त्याने इस्तिखाऱ्याच्या आधी मशविऱ्याला बसावे. त्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्याला गाठावे, पाळी सुटताना गेटवर उभे राहावे, काय चालते ते पाहावे.

राहिला प्रश्न नोकरी लागल्यानंतरचा. एका ठिकाणी रुजू झाल्यावर बाकीच्या ठिकाणी कळवण्याची रीत आपल्याकडे जवळजवळ नाही. निवड यादीत नाव येते, गडी दुसरीकडे कामाला लागलेला असतो, आणि जागा अडून राहते. त्याच्या खाली प्रतीक्षा यादीत कोणीतरी असतो, बहुधा आपल्यासारख्याच घरातला. त्या यादीलाही मुदत असते. एक पत्र किंवा एक फोन करून आपला अर्ज मागे घेतला, तर मुदत सरण्यापूर्वी त्याला बोलावणे जाऊ शकते.